तूच बघ, तूच सांग

लोणी भापकरच्या शाळेत मी मुलांना सूक्ष्मदर्शकातून कांद्याचा पापुद्रा दाखवायचो. "काय हाय ते सांगा की, सर!" म्हणून पोरं मागं लागायची. मी एकच म्हणायचो, "डोळं दिलेत न्हवं तुला? तूच बघ, तूच सांग."

त्याच वर्गातली अफशीन आज बारामतीत पेशींवरून आजार ओळखणारी डॉक्टर आहे. माझ्या मानेतल्या गाठीचा तुकडा तिनंच तपासला. संगणकाच्या पडद्यावर माझ्या पेशी कितीतरी पटींनी मोठ्या दिसत होत्या.

"कॅन्सर न्हाय ना गं? सांग की, पोरी!"

पडदा माझ्याकडं वळवून ती कशीबशी पुटपुटली,

"सर... तुमीच बघा."