यातला मूळ ओळखा

कॉलेजची अडगळीची खोली रिकामी करायची होती. निवृत्त सीताराम सरांनी घडवलेला, मार्केट यार्डातल्या एका हमालाचा प्लास्टरचा पुतळा तिथे उभा होता.

"याचं थ्रीडी स्कॅन झालंय," विभागप्रमुख राकेश म्हणाला. "स्कॅनमध्ये पृष्ठभागाचे वीस लाख बारीक त्रिकोण होते, ते चार हजारांवर आणून फाइल हलकी केली, आता मोबाइलवरही फिरते. पुतळा फोडून टाकू."

"मानेच्या शिरा गेल्या असतील त्यात," पुतळ्याजवळ उभे असलेले सीताराम सर म्हणाले.

"अहो सर, फरक तुम्हालाही कळणार नाही." राकेश कॉम्प्युटरवर बसलेल्या सहायक पूर्वाकडे वळला. "पूर्वा, जड आणि हलकी, दोन्ही फाइली शेजारी शेजारी लाव. सर, मूळ स्कॅन ओळखलंत तर पुतळा राहील."

सीताराम सरांनी पडद्यावरचे दोन्ही हमाल फिरवून फिरवून पाहिले.

"यातला एकही माझा नाही."

"हरलो म्हणायला तुम्हाला जड जातंय, एवढंच," राकेश म्हणाला आणि त्याने शिपायाला हातोडा आणायला पाठवलं.

&nbsp;

पूर्वाने दोन्ही फाइली बंद केल्या. जड फाइल तिच्या कॉम्प्युटरवर उघडतच नव्हती, म्हणून तिने हलकीच दोनदा लावली होती.