कल्हई उडालेलं पातेलं

चांगुणानं डोक्यावरची घागर उतरवली आणि तिची नजर चुलीकडं गेली. पितळेचं पातेलं रिकामं होतं. आतून काठाला हिरवी कड धरली होती.

ताकाचं मडकं काल तडकलं, म्हणून रातच्यापुरतं ताक तिनंच त्यात ओतलं होतं. पातेल्याची कल्हई कधीच उडालेली. यंदाच्या दुष्काळात कल्हईवाला तिसगावकडं फिरकलाच नव्हता. सकाळी उठल्याबरोबर काढू म्हणाली, पण विहिरीवर नंबर लावायला पळाली अन् विसरली मेली.

"आत्याबाई, ताक कुटं गेलं?"

सासू भागूबाई दारात मिश्री लावत बसली होती. शेजारची रतनबाई मागायला आली होती, तिच्या मनकर्णेला आठवा लागलाय, पोरीला ताकाची लई इच्छा झाली म्हणे. अन् दारात आलेल्याला ताकाला कुणी नाही म्हणतं का, असं म्हातारी मोठ्या समाधानानं सांगू लागली. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, मिश्रीनं जीभ मेलेली. तिला कसली हिरवी कड दिसतीय!

पितळेत कळकलेलं ताक म्हंजे इखच, अन् दोन जिवांची बाई! चांगुणाला पायात चपला घालायचंही भान राहिलं नाही. तशीच बोळातनं पळत सुटली.

मनकर्णा भाकरी तव्यावरनं उतरायची वाट बघत बसली होती. चांगुणानं तिच्या पुढ्यातला तांब्या उचलला आणि सगळं ताक अंगणात ओतून दिलं.

"एवढं जिवावर आलं हुतं, तर द्यायचंच न्हाई," रतनबाई म्हणाली.

"कळकलं हुतं, मावशी." चांगुणाला धाप लागली होती. "मनकर्णे, प्यालीस का गं? घोटभर तरी?"

मनकर्णेनं घाबरून मान हलवली. न्हाई म्हणाली. तशी चांगुणा तिथंच मटकन बसली अन् हमसून हमसून रडली. रतनबाईनंच मग तिच्या पाठीवरनं हात फिरवला, पाणी पाजलं.

घरी परतताना तिचे पाय आता कुठं जमिनीवर टेकत होते. आल्या आल्या ते पातेलं माळ्यावर फेकायचं, असं तिनं ठरवलं होतं.

सासू दारातच होती. पण भिंतीला टेकलेली, दोन्ही हातांनी पोट दाबून धरलेलं. कपाळावर घाम.

"लोकाला द्यायचं म्हनून आदी मीच वाटीभर पिऊन बघितलं," म्हातारी हळूच म्हणाली. "मला चांगलं लागलं गं, चांगुणे."