बिनकाट्याचा मासा

पुण्याहून आलेल्या सुनेनं पाकीट फोडलं तसं राहीबाईनं नाक मुरडलं. आत माशाचे पांढरेफटक तुकडे होते. "ना डोकं, ना शेपूट, ना वास. ही साबणाची वडी कुणी खायाची गं?" "आत्या, यात काटाच नसतो," म्हणत सुनेनं लिंबू-मिरपूड लावून तुकडे बटरवर परतले. कोयनेच्या माशांवर जन्म काढलेल्या राहीबाईला ते दवाखान्यातलं जेवण वाटलं. नजर गेलेल्या नवऱ्याला मासा तीच भरवायची, काटा न् काटा बोटांनी वेचून. दुसऱ्या कुणाच्या हातचा घास लालासाहेबांना चालत नसे. तिनं तुकडा कुस्करला, चाचपला, पुन्हा कुस्करला. बोटांना काहीच लागेना. "सून म्हणती, काटा न्हाई. दे, माझा मी खातो," म्हणत त्यांनी हात पुढं केला. राहीबाईनं ताट मागं ओढलं. "तिला काय कळतंय? नुसतं काटंच काटं हायती मुडद्यात. आ करा."