उंबऱ्यावरची सासू

म्हातारी आजही उंबऱ्यावरून हलली नाही. मांडीवर सूप, सुपात तांदूळ, आणि नजर पाहुण्यांवर.

"धनलक्ष्मीशी जरा एकटीशी बोलायचं आहे," विनुताने तमिळमध्ये सांगितलं. मागच्या खेपेलाही तिने हेच सांगितलं होतं.

म्हातारीने एक खडा निवडून अंगणात फेकला. मग उठली, आत जाऊन नवा रंगीत टीव्ही मोठ्याने लावला आणि पुन्हा जागेवर येऊन बसली.

विनुता तंजावूरच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवायची. परदेशी पैशावर चाललेल्या एका अभ्यासासाठी ती पापनाशमच्या आसपासच्या गावांत नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकांच्या मुलाखती घेत होती. मुलाखतीच्या वेळी बाई एकटी असावी, असा नियम होता. नियम करणारे दिल्लीत राहत. त्यांना सासू ठाऊक नसावी.

"पहारेकरीण आहे, अक्का," वाणी मराठीत म्हणाली. वाणी तिची विद्यार्थिनी, राजवाड्यामागच्या तिच्याच गल्लीतली. "हात मोडला तरी पहारा सोडत नाहीं की!"

म्हातारीचा डावा हात खरंच पट्टीत होता. विहिरीवर पाय घसरला म्हणे. विनुताला हसू आलं. "असूं दे गे. लेकाचं राज्य राखायास एक हात पुरे आहे."

दोघी अशा खुशाल बोलत. या गावात मराठी समजणारं कुत्रंसुद्धा नव्हतं. तंजावूरच्या पिढीजात मराठी घरांची ही जुनी खोडच. बाजारात भाव पाडायचा असो की पाहुण्याच्या तोंडावर त्याचीच उणीदुणी काढायची असोत, घरची भाषा बाहेर काढायची की झालं. समोरचा बापडा हसून मान डोलावतो.

विनुताला तर बोलायची भूकच होती. आई गेल्या वर्षी गेली. भाऊ अमेरिकेत, फोन करायचा, पण इंग्रजीत. घरी मराठी बोलायची तर गॅसवर उकळणाऱ्या आंबटीशी, आणि आंबटी काही उत्तर देत नाही. विनुताला फार एकटं वाटायचं. वाणी बरोबर असली की मात्र तिच्या जिभेला लगाम राहत नसे.

म्हातारीची सून धनलक्ष्मी पाणी आणायला परसात गेली, तशी विनुता हात धुवायचं निमित्त करून तिच्या मागे गेली. पोरीने मानेवरचा पदर सरकवला. बोटांचे वळ निळे पडले होते.

"टीचर, मला इथून काढा," ती म्हणाली. बोलताना कुंपणापलीकडच्या दिराच्या घराकडे पाहत होती. टीव्हीचा गोंगाट एवढा होता, की विनुताला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. "काल त्यानं कोयता काढला."

संशोधकाने मध्ये पडू नये, असाही नियम होता. विनुताने तो त्या क्षणी खुंटीला टांगला. काय करायचं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. धनलक्ष्मीने मान हलवली आणि घागर उचलली.

परत येऊन विनुता वाणीशेजारी बसली. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला राहवेना.

"शुक्रवारीं काढायचं तिला," ती मराठीत म्हणाली. "नवरा गिरणींत असेल, म्हातारी देवळांत. ती एकटी पापनाशमच्या बसस्टँडवर येईल. तिथून मी तिला तिरुच्चीच्या आश्रमांत नेतें."

"आणि त्यास कळलं तर?"

"जीव घेईल तिचा."

"म्हातारीस कळलं तर?"

"तीच जाऊन सांगेल त्यास. दुसरं काय करणार ती?"

म्हातारी खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

शुक्रवारी विनुता सकाळीच बसस्टँडवर जाऊन बसली. वाणीला तिने मुद्दाम आणलं नव्हतं, बोभाटा नको. कुंभकोणमच्या बस आल्या, गेल्या. प्रत्येक बसमधून बायका उतरत, आणि प्रत्येक वेळी विनुता उठून उभी राही. हळूहळू ऊन बाकापर्यंत आलं. या सगळ्या गर्दीत आपली वाट पाहणारं कुणी नाही, आणि आपण जिची वाट पाहतोय ती येत नाही, हे तिला फार लागलं.

मग एका बसमधून म्हातारी उतरली. एकटीच. मोडका हात पोटाशी धरलेला, तोंडावर पदर. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ विनुताकडे चालू लागली.

सगळं कळलं होतं तर! पोरीने भीतीने कबूल केलं असेल, किंवा गाठोडं बांधताना सापडली असेल. आता ती कोंडलेली असेल, नाहीतर... कोयत्याचा विचार तिला पुढे करवेना. आपण मध्ये पडलो नसतो तर ती निदान जिवंत राहिली असती, असं तिला वाटलं.

"धनलक्ष्मी कुठे आहे?" ती तमिळमध्ये जवळजवळ ओरडलीच. "काय केलंत तुम्ही तिचं?"

म्हातारी तिच्या शेजारी बाकावर टेकली. धाप ओसरेपर्यंत थांबली. मग पदर बाजूला केला. ओठ फुटून सुजला होता.

"काल दुपारींच गाडींत बसवून दिलें तिला, तिच्या थोरल्या बहिणीकडे," ती म्हणाली. विनुताची आई बोलायची, अगदी त्याच मराठीत. "तो घरीं आला, तर ती नाहीं. मग मीच सांपडलें."

म्हातारीने विनुताचा हात धरला.

"तुमच्या त्या आश्रमांत सासवांस घेतात कां गे?"