रोजचा मेल

रोज संध्याकाळी विष्णूकाकांचा फोन 'टिंग' वाजला की शेजारचा गजा कुंपणापलीकडून हाक द्यायचा, "काका, अमेरिकेतनं अनुपमचा मेल आला वाटतं!" काका ओट्यावर बसल्या बसल्या हसून मान डोलवायचे. मुलगा अमेरिकेत गेल्यापासून दहिवलीच्या त्या घरात दुसरं होतंच कोण?

काल खालापूरच्या त्यांच्या जुन्या कंपनीतून समिधाचा फोन आला. "सर, मेल तपासणाऱ्या मशीनच्या सेटिंगचा बॅकअप अजून रोज संध्याकाळी आपोआप तुमच्याच मेलवर जातोय. तुम्ही रिटायर झालात, पण नाव काढायचं राहूनच गेलं. काढू ना?"

"काढ गं. असली फाईल बाहेरच्या माणसाकडे जाणं बरं नव्हे," काका म्हणाले.

आज अंधारून आलं, तरी फोन वाजला नाही. "काका, आज अनुपमचा मेल नाय आला?"



"येईल रे. तिकडे अजून उजाडायचंय."