उडता फटका

"काठी आणखी उभी धरा, बाईसाहेब," जोतीराम म्हणाला. "लांब हाय म्हणून भ्यायचं न्हाय. हात मधोमध आणा. आन् चेंडूच्या खाली खुपसू नका, वरनं दणका द्या. टेबलावर आदळला की त्यो आपसूक उडतोय."

श्यामलाबाईंनी वरून फटका दिला. पांढरा चेंडू टणकन उडाला, मधल्या लाल चेंडूवरून गेला आणि पलीकडे हिरव्या बनातीवर पडला. बावीस दिवसांत पहिल्यांदाच.

जोतीराम या क्लबात वीस वर्षं बिलियर्डचा मार्कर होता; गुण मांडायचा, नवख्यांना खेळ शिकवायचा. शिकवलेलं कुणाला जमलं की तो खूश व्हायचा. आज मात्र तो टेबलापासून दोन पावलं मागे सरला.

तीन महिन्यांपूर्वी बाईंचे यजमान नृसिंहराव वकील याच टेबलापाशी वारले. त्यांच्याशी खेळत असलेल्या हंबीररावांनी मारलेला चेंडू उडून, खुर्चीत बसलेल्या वकिलांच्या कानशिलावर बसला. फौजदार आले, पंचनामा झाला. चेंडू चुकून उडाला, अशी जबानी जोतीरामनंच दिली.

मग एके दिवशी बाई आल्या. "मला तो फटका शिकवा," एवढंच म्हणाल्या. संस्थान विलीन झाल्यापासून दुपारी क्लबात कुत्रंही फिरकत नसे. जोतीरामला नाही म्हणवलं नाही.

बाईंनी काठीच्या टोकाला खडू लावला. "माणसाच्या कानशिलापर्यंत नेम धरता येतो का हो?"

"असलं काय इचारू नका."

"उद्या हंबीररावांना खेळायला बोलावलंय. माझ्याबरोबर."

जोतीरामच्या डोळ्यांपुढे फासाचा दोर आला. बाईंची लेक अजून शाळेतसुद्धा जात नव्हती.

"बाईसाहेब, पाया पडतो. पोरीकडं बघा. तुमी हातानं काय करू नका." त्यानं हात जोडले. "मी फौजदाराला खोटं बोललो. त्या दिसाच्या आदी हंबीरराव म्हैनाभर सकाळी एकलेच यायचे. कोठीच्या फटीतनं मी बघिटलंय. वकीलसाहेब बसायचे तितंच खुर्ची ठेवायचे, खुर्चीवर वेताचा मोडा, मोड्यावर नारळ, बरूबर त्यांच्या डोस्क्याच्या उंचीला. नारळ फुटंस्तवर चेंडू उडवायचे."

बाईंनी खडू टेबलाच्या कडेवर ठेवला.

"आधी का नाही सांगितलंत?"

"भ्यालो. लेकराबाळांचा धनी हाय मी. पर आता कोर्टात उभा ऱ्हातो की! काय व्हायचं ते हू दे."

"आणखी कुणाला ठाऊक आहे हे?"

"अंबाबाईची आण, कुणालाच न्हाय. बायकोलाबी न्हाय."

बोलून टाकल्यावर त्याला हलकं वाटलं. धोतराच्या सोग्यानं त्यानं डोळे पुसले.

बाईंनी काठी जागेवर ठेवली. सावकाश चालत जाऊन दाराला आतून कडी घातली. मग शेजारच्या पत्ते खेळायच्या खोलीच्या पडद्याकडे वळून त्या म्हणाल्या, "ऐकलंत ना, हंबीरराव? तरी मी म्हणत होते, यानं पाहिलंय."