गुरुवारचा चमचा

"आज गुरुवार आसा. माका चलाचा नाय," म्हणत सासूबाईंनी दुकानाच्या काउंटरवरून चवीसाठी पुढे आलेला चमचा फक्त नाकाशी नेला. "आणि ह्येच्यात मासो खंय गेलो? सगळा मेयोनीजच!"

उद्या न्यू जर्सीतल्या आमच्या घरी लेकीच्या साखरपुड्याची पार्टी होती. होणाऱ्या जावयाच्या आजीला धुरी दिलेल्या माशाचं सॅलड म्हणजे जीव की प्राण, आणि मी पडले जन्माची शाकाहारी. चांगली डेली, म्हणजे असं तयार खाणं विकणारं दुकान, निवडायला घरात जाणती जीभ एकच, सासूबाईंची, मालवणची. तिचा नेमका आज दत्ताचा वार!

दुसऱ्या डेलीतलं सॅलड त्यांच्या नाकाने दुरूनच हाकललं. तिसऱ्या डेलीत मात्र चमचा नाकापाशी गेला आणि तिथेच थांबला. त्यांचे डोळे मिटले. "अगो, चुलीवरच्या धुरातलो बांगडो!"

मग त्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. विमानातून उतरल्यावरही त्यांनी त्याचे काटे कुणाला फिरवू दिले नव्हते. इथे दुपारचे चार वाजले होते; तिकडे मालवणात मध्यरात्र कधीच उलटून गेली होती.

"घराकडे शुक्रवार लागलो गो!" त्या ओरडल्या, आणि चमचा तोंडात. काउंटरवरच्या माणसाने हसत दुसरा दिला, मग तिसरा. आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या खिदळत होतो. मी भलामोठा डबा भरून घेतला आणि गाडी सुरू केली.

"थांब, घराक नको," पट्टा लावत त्या गंभीरपणे म्हणाल्या. "आधी मागच्या दोनय दुकानांत चल. नुसत्या वासार कोणाक नापास करूचा नाय."